पिवळी रेघ

गेली तीन वर्षं पुंडलिकनगरातल्या बागेच्या कट्ट्यावर मी एक गोष्ट सांगत आलो आहे. ऐकणारे बहुतेक माझ्यासारखेच निवृत्त. गोष्ट अशी: मी आणि माझा एक मिस्त्री मित्र, आम्ही दोघांनी माझ्या जुन्या गाडीची शर्यतीची गाडी केली, दोन वर्षं राबलो, आणि ऐन वेळी त्यानं शर्यतीच्या कागदावर बनवणाऱ्यांत माझं नाव येऊ दिलं नाही. शर्यतीच्या दिवशी त्याच्याच हातानं कसलेला एक बोल्ट सुटला आणि गाडी पेटली. एवढं सांगून मी थांबायचो. पुढचं ऐकणारे बोलायचे. "वरचा बघत असतो सगळं," कुणीतरी म्हणायचं. मी मान हलवायचो.

एकदा माझी बायको शेजारच्या बाकावर बसून हे ऐकत होती. घरी येताना म्हणाली, "तुमच्या गोष्टीत दर खेपेला काहीतरी नवीन येतं. त्या बोल्टाचं मात्र तुम्ही एका वाक्यात आटपता."

तिला गाडीतलं काही कळत नाही. मला ओळखते.

तो बोल्ट त्यानं कसला नव्हता. मी कसला होता. आता सत्तरी उलटून गेली आहे, आणि ज्यांना ज्यांना मी ती गोष्ट सांगितली त्या सगळ्यांच्या घरी जाणं काही होणार नाही, म्हणून लिहितो आहे.

त्याला मी उस्ताद म्हणतो. तो मला पाव्हणं म्हणायचा. चाळीस वर्षांपूर्वी बिघडलेली स्कूटर ढकलत त्याच्या गॅरेजात गेलो तेव्हा, "बसा पाव्हणं, च्या घ्या," म्हणाला होता, ते तसंच चिकटलं. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूमला लेथवर होतो. आम्ही मूळचे करमाडकडचे, शेतीवाले. त्याचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. तो मेंढरं सोडून ट्रकच्या वर्कशॉपात शिरला, तिथं शिकला आणि पडेगावला दौलताबाद रोडवर स्वतःची शेड टाकली. वर पत्रा, पुढं कडुनिंब. गाडीखाली शिरताना इतर मिस्त्री चाकाची फळी घेतात, हा घोंगडी अंथरायचा. "फळी गडगड करती. घोंगडी गप ऱ्हाती, इंजन ऐकू येतं," म्हणायचा.

त्याचा हात हीच त्याची मोठी गोष्ट होती. बोल्टावर किती जोर पडला ते दाखवणारा एक पाना असतो, टॉर्क रेंच म्हणतात त्याला. उस्तादाकडं तो होता, पण बहुतेक वेळ कुलपात. मनगटानंच कसायचा. मला हे पटेना. त्याच्या सुट्टीच्या एका दिवशी त्याला आमच्या टूलरूममध्ये नेलं आणि दहा बोल्ट कसायला लावले. मग मी एकेकावर रेंच लावून बघितला. दहाच्या दहा बरोबर. टूलरूमचे लोक हसायचे थांबले. हा म्हणाला, "आता माझा च्या पाजा."

त्याच्या गॅरेजची एक रीत होती. वही नाही, जॉबकार्ड नाही. लिहिणं-वाचणं त्याचं बेताचंच. ज्यानं बोल्ट शेवटचा कसला त्यानं बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या धातूवर उतरेल अशी नेलपॉलिशची एक रेघ मारायची. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. आणि रेघ ज्याच्या रंगाची, बोल्ट त्याचा. पुढं काही झालं तर त्यानं बोलायचं. उस्तादाचा रंग पिवळा, खंडोबाच्या भंडाऱ्याचा म्हणून. मी रविवारी रविवारी त्याच्याबरोबर काम करायला लागलो तेव्हा मला पांढरा मिळाला. बाटल्या तो स्वतः गुलमंडीच्या बाजारातून, एका बांगडीवाल्याकडून आणायचा.

"मिस्त्री, पिवळी नेलपॉलिश कोण लावतं हो तुमच्यात?" बांगडीवाल्यानं त्याला एकदा माझ्यासमोर विचारलं.

"गाडी लावती. लई नखरेवाली हाय."

दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नाही, हा एकच नियम. लावायचाच असेल तर आधी विचारायचं, आणि परत कसल्यावर आपल्या रंगाची रेघ मारायची. इतक्या वर्षांत हा नियम कुणी मोडल्याचं मला माहीत नाही.

गाडी माझी. नव्वदचं दशक संपता संपता आलेली, जपानी बनावटीची, सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाची सेदान. त्या काळात जालना रोडनं ती गेली की माणसं बोलणं थांबवून वळायची. मी ती फार नंतर, जुनी म्हणून घेतली. वापरायचो कमी, पुसायचो जास्त. नोंदणीची मुदत संपत आली तेव्हा घरचे म्हणाले, आता भंगारात द्या. मी ती पडेगावला नेली. उस्तादानं बोनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं आणि लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकत राहिला.

"हिला भंगारात घालताय? त्यापरीस मला घाला," तो म्हणाला.

"मग काय करू?"

"हिला टर्बो बशिवू. पळवू."

दोघंही पासष्टीच्या पुढचे. टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एका दांड्याला दोन टोकांना दोन पाती. इंजिनाचा धूर बाहेर पडताना एक पातं फिरवतो, त्याबरोबर दुसरं फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. तो दांडा इतका गरगर फिरतो की त्याला क्षणभरही ऑइलशिवाय ठेवता येत नाही. म्हणून इंजिनातून एक बारीक पाइप त्याच्यावर आणून बोल्टानं बसवतात. बोल्टाच्या वर-खाली, ऑइल गळू नये म्हणून, तांब्याची वायसरं, चपटी कडी. आणि शेजारीच, बोटभर अंतरावर, तापून लाल झालेलं लोखंड. माझी सगळी गोष्ट या बोटभर अंतराची आहे.

टर्बो आम्ही भंगार बाजारातून उचलला, अपघातात गेलेल्या एका डिझेल जीपचा. भंगारवाला उस्तादाला म्हणाला, "क्या चच्चा, इस उमर में हवा भरने का शौक लगा?"

"हवा तो तेरे में भरी है. इसका भाव ठीक लगा."

मग दोन वर्षं रविवार. सीटा काढल्या, गालिचे काढले, दारांच्या मोटरी काढल्या. आत पाइपांचा पिंजरा वेल्ड केला. मजबूत पिस्टन पुण्याहून मागवले. धुराच्या नळ्या टर्बोला जोडायच्या म्हणून मी जाड प्लेटीतून चकत्या कापल्या आणि त्यानं त्यावर नळ्या वेल्ड केल्या. पहिला जोड तडकला. दुसरा तापून वाकला. तिसरा टिकला, तेव्हा त्यानं गाडीखालूनच ओरडून सांगितलं, "पाव्हणं, भाकरी काढा!" त्याच्या घरून ज्वारीची भाकरी आणि ठेचा यायचा. बोनेटवर जुना पेपर अंथरून आम्ही जेवायचो. माझ्या हयातीत मी इतका सुखात कधी नव्हतो. हे मला कट्ट्यावर सांगता आलं नाही, कारण मग पुढची गोष्ट नीट बसली नसती.

दसऱ्याला इंजिन पहिल्यांदा चालू केलं. झेंडूचा हार, नारळ, चाकांखाली लिंबं. पुण्याहून लॅपटॉपवाला तरुण आला होता; पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे तो ठरवून देऊन गेला. शिट्टीसारखा आवाज चढत गेला, आणि उस्ताद माझ्याकडं बघून म्हणाला, "आता बोला."

मी डोळे पुसले.

शहरातल्या मोटारवाल्यांच्या एका मंडळानं शर्यत ठेवली होती. शेंद्र्याच्या पुढं, औद्योगिक वसाहतीत आखलेला पण अजून न उघडलेला एक सरळ रस्ता रीतसर परवानगी काढून एका रविवारी त्यांना मिळाला होता. एका वेळी एक गाडी, ठरलेलं अंतर, वेळ मोजायची. आमची गाडी उस्तादाचा मुलगा चालवणार होता. तिशीचा, शांत डोक्याचा, शेंद्र्याच्याच एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारा. मला काका म्हणतो.

आता आदला दिवस.

शनिवारी दुपारी उस्ताद आणि त्याचा मुलगा पेट्रोल आणि टायर आणायला गेले होते. शेडमध्ये मी एकटा. गाडी चालू केली की मागून निळसर धूर येत होता. थोडाच, पण येत होता. उस्ताद म्हणाला होता, जाईल. मला मात्र कारण ठाऊक होतं. टर्बोला जाणारं ऑइल आवरायला पाइपाच्या तोंडात एक बारीक भोकाची पितळी गोळी बसवलेली होती. ती गोळी मी केली होती, आणि त्या आठवड्यात घरी बसून परत हिशेब केल्यावर माझ्या लक्षात आलं होतं की भोक मोठं पडलंय. चाळीस वर्षं ज्यानं मायक्रॉनवर भाकरी खाल्ली त्याचं भोक चुकलं. हे मला कुणालाही, उस्तादाला तर मुळीच, कळू द्यायचं नव्हतं. नवी गोळी करून खिशात आणली होती.

त्या पाइपाच्या बोल्टावर उस्तादाची पिवळी रेघ होती. मी ती खरवडली, बोल्ट खोलला, गोळी बदलली. तांब्याचं वायसर एकदा दाबलं गेलं की दुसऱ्यांदा तसं बसत नाही, दर खेपेला नवं घालतात. नवी वायसरं उस्तादाच्या कुलपात होती, रेंचही तिथंच. मी जुनीच घातली आणि साध्या पान्यानं बोल्ट बेताचा आवळला. ठरवलं की ते आल्यावर काहीतरी निमित्त काढून कुलूप उघडून घ्यायचं आणि नीट कसायचं. इथपर्यंत माझ्या हातून फक्त लबाडी झाली होती.

तेवढ्यात मंडळाचा माणूस आला. दारावर चिकटवायचा आकडा आणि आमच्या अर्जाची प्रत देऊन गेला. मी चष्मा लावून वाचलं. गाडीचा मालक: माझं नाव. चालवणार: मुलाचं नाव. गाडी बनवणार: उस्तादाचं नाव. फक्त त्याचं.

मला आधी वाटलं मागच्या बाजूला असेल. कागद उलटला. मागची बाजू कोरी होती.

त्या क्षणी काय झालं ते मला नीट सांगायचं आहे, कारण तेवढंच मी इतकी वर्षं खरं सांगत आलो.  समोर गाडी उभी होती आणि तिच्यातली निम्मी पांढऱ्या रेघांची होती. टर्बोच्या चकत्या माझ्या, इंजिनाची बैठक माझी, रेडिएटरचे कान माझे. त्या माणसाच्या बोनेटवर मी दोन वर्षं जेवलो होतो. चाळीस वर्षं तो मला पाव्हणं म्हणत होता आणि तो ते लाडानं म्हणतो असं मी समजत होतो. आता वाटलं, हा खरंच मला पाहुणाच समजत होता. आला, बसला, चहा प्याला, गेला.

फळीवर दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी होत्या. मी पांढरी उचलली. मग खाली ठेवली. गाडी तुझी ना, मग बोल्टही तुझा, असं मनात आलं. शब्दांत आलं की नाही ते आठवत नाही, पण आलं. पिवळी बाटली उघडली आणि त्या बेताच्या कसलेल्या बोल्टावर एक रेघ मारली. सवयीनं, नीट, सरळ.

ते परत आले तेव्हा मी डोकं दुखतंय सांगून घरी निघालो. उस्ताद म्हणाला, "लवकर या उद्या. तुमच्याबिगर नारळ फुटायचा नाय."

सकाळी बोलता आलं असतं. गाडी न्यायच्या आधी उस्ताद टॉर्च घेऊन एकेक रेघ बघतो, हे मला माहीत होतं. त्या दिवशीही बघितली. पांढऱ्या रेघांपाशी तो मला विचारत होता, "ह्ये पक्कं?" मी व्हय म्हणत होतो. ऑइलच्या बोल्टापाशी टॉर्च आला, पिवळी रेघ अखंड होती, टॉर्च पुढं गेला. आपल्या स्वतःच्या रंगाला तो काय विचारणार? मी तोंड उघडलं होतं. मग त्याच्या खिशातून डोकावणारा तो कागद दिसला आणि मी तोंड मिटलं.

पहिली फेरी चांगली गेली. इतकी चांगली की आजूबाजूचे लोक बोनेट बघायला धावले. उस्तादाला कुणीतरी खांद्यावर हात टाकून विचारलं, "तुम्ही बनवली?" आणि तो म्हणाला, "व्हय." मी दोन हातांवर उभा होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या फेरीत गाडी अर्ध्या अंतरावर असताना बोनेटच्या फटीतून धूर आला, पांढरा, आणि लगेच ज्वाळा. ऑइल सुटून तापलेल्या लोखंडावर उडालं होतं. मुलानं गाडी सरळ ठेवली, थांबवली, पट्टा काढला, दार उघडताना त्याचा डावा हात भाजला. मंडळाच्या माणसांनी आग विझवली. मुलगा रस्त्याच्या कडेला बसून म्हणत होता, "मला काय झालं नाय. आबा, मला काय झालं नाय."

उस्ताद आधी त्याच्याकडं गेला. मग गाडीकडं आला. बोनेट काळं पडलं होतं. त्यानं बोल्टाला बोट लावलं, तो बोटानं फिरला. पॉलिश करपली होती, पण बोल्टाच्या आडोशाच्या बाजूला पिवळ्या रेघेचे दोन तुकडे दिसत होते. बोल्टावरचा एकीकडं, खालच्या धातूवरचा एकीकडं. तो बराच वेळ बघत राहिला.  त्याच्या रेघा जाड, वाकड्या असायच्या.

मंडळाच्या माणसानं विचारलं, "काय झालं मिस्त्री?"

"माझा रंग हाय," उस्ताद म्हणाला. "माझ्याकडून ढिला ऱ्हायला."

ते बोलून झाल्यावर तो स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होता. मंडळाचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, काय वाटतं तुम्हाला?" मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं."

हे तीन शब्द मी बोललो. ते कट्ट्यावर कधी सांगितले नाहीत.

त्या तीन शब्दांचं पुढं काय झालं ते सांगायला फार लागत नाही. आपल्याकडं मिस्त्रीचं नाव जायला पाटी लागत नाही, फोन लागतात. टॅक्सीवाले आधी इंजिनाचं काम आणायचे थांबले, मग सर्व्हिसिंगही. पण गिऱ्हाईक परत आलं असतं. उस्तादानंच बंद केलं. अर्धी शेड एका टायरवाल्याला दिली आणि स्वतः कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायला लागला. मी तिकडं जाणं कमी केलं. गेलो तरी रागावलेल्या माणसासारखा जायचो. तो अपराध्यासारखा चहा सांगायचा. मला वाटायचं, नावाबद्दल अपराधी आहे. आणि मला ते आवडायचं, हेही लिहून ठेवतो.

यंदा उन्हाळ्यात मी छावणीकडून येत होतो. एका पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी उस्ताद त्याची मोपेड घेऊन उभा होता. मी त्याच्या मागं होतो, त्याला दिसलो नाही. पंक्चरवाल्यानं चाक बसवलं, नट हातानं लावला आणि पाना त्याच्यापुढं धरला. "घ्या उस्ताद, तुमच्यापुढं मी काय कसणार?"

"तूच कस," उस्ताद म्हणाला. "माझ्या हाताचं आता काय खरं नाय. अन् दोनदा बघ."

एका मोपेडच्या चाकाचा नट. दहाच्या दहा बोल्ट बरोबर कसलेला माणूस.

मी तसाच मागं फिरलो. त्यानंतर मला जेवण गोड लागेना. पंधरा-वीस दिवस काढले. मग एका रविवारी पडेगावला गेलो.

तो खुर्चीवर होता. मी शेजारच्या ड्रमवर बसलो.

"उस्ताद, त्या बोल्टाचं बोलायचंय."

"कोन्च्या?"

"ऑइलच्या."

"सोडा ना आता. माझ्याकडून झालं, म्या कबूल केलं. तवाच केलं."

"तो मी कसला होता."

वेरूळकडं जाणारी एक बस गेली. 

"कवा?"

"आदल्या दिवशी. तुम्ही टायर आणायला गेला होता तेव्हा. गोळीचं भोक चुकलं होतं माझं. ती बदलली."

"वायसर?"

"जुनंच."

"अन् रंग?"

"तुमचा." 

"रेघ सरळ व्हती," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं व्हतं, आयला, येवढी सरळ कवा मारली म्या. माझी रेघ कधी सरळ आलीय? कसलेलं आठवत व्हतं, लई पक्कं आठवत व्हतं. पर रेघ मारलेली आठवंना. म्हनलं म्हातारा झालो, डोकं बी गेलं अन् हात बी गेला." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "कामून केलं पाव्हणं?"

"कागदावर माझं नाव नव्हतं."

"व्हय. नव्हतं."

"चुकून राहिलं?"

"नाय. मुद्दाम. पोरगं लिवत व्हतं दोघांचं, म्या म्हनलं एकच लिव्ह." त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. "पंचवीस वर्सं लोकायची इंजनं बांधली म्या. पुण्याला पळाली, नाशकाला पळाली. फोटू मालकाचा. म्हनलं एकदा, एकदा माझ्या एकट्याच्या नावानं पळू दे. तुमचं नाव मालक म्हनून व्हतंच की. तुमाला सांगनार व्हतो, पळाल्यावर. आधी सांगायची हिंमत झाली नाय. तुमी रुसला असता."

"रुसलोच असतो."

"मग रुसायचं!" तो ओरडला. टायरवाला वळून बघायला लागला. "शिव्या घालायच्या. गाडी घेऊन जायची, तुमचीच व्हती. माझ्या पोराला त्याच्यात बसू दिलं तुमी!"



त्यानं मुलाला हाक मारली. मुलगा टायरवाल्याच्या मागच्या नळावर हात धूत होता, पुसत आला. "सांगा त्याला," उस्ताद म्हणाला. मी परत सगळं सांगितलं, गोळीपासून कट्ट्यावरच्या गोष्टीपर्यंत. सांगताना माझं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडं जात होतं. मनगटापासून वरची कातडी अजून चकाकते. तो रागावेल, अंगावर येईल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "काका, तुमी दवाखान्यात माझ्या उशाला बसला होता. मोसंबी सोलून देत होता मला."

मी म्हणालो, "हो."

"आन् आबा बाहेर बाकावर रडत होते. तुमी त्यांना बघितलं होतं."

"हो."

उस्ताद खुर्चीतून उठला होता. उजवा हात उघडून, बंद करून बघत होता, नवीन हातमोजा घालून बघावा तसा. "तीन वर्सं," तो म्हणाला, "सुनंला सांगतो, गॅसचं बटन तू बघ, मी लावलंय. नातवाच्या सायकलीला हात लावला नाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आता जावा तुमी. अन् जिथं जिथं ती गोष्ट सांगितली, तिथं तिथं ही सांगा."

मी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सांगितली. लोकांना ती आवडली नाही. एक जण म्हणाला, "जाऊ द्या हो, जुनं झालं." दुसरा म्हणाला, "पण नाव तर त्यानं गाळलंच ना? ते तर खरं?" ते खरं आहे. आणि तसं कुणी म्हटलं की मला अजूनही बरं वाटतं.  माझा विश्वास त्यानं मोडला, यात मी काही बदलणार नाही. पण त्यानं माझ्यापासून एका कागदावरची एक ओळ घेतली. मी त्याच्यापासून त्याचा हात घेतला, आणि तीन वर्षं तो परत न देता त्याच्याच हातचा चहा पीत राहिलो. मंडळाच्या त्या माणसालाही फोन केला. तो म्हणाला, आता काय उपयोग. मी म्हणालो, उपयोग असो नसो, तुमच्या लोकांना सांगा.

त्यानंतर महिन्याभरानं उस्तादाच्या मुलाचा फोन आला.

"काका, आबांनी काल एका टॅक्सीच्या इंजिनाचं हेड उतरवलं. टायरवाल्याकडं आली होती, गरम होत होती. म्हणले, आण इकडं. परत बसवताना सगळे बोल्ट हातानं कसले, मग मला रेंच लावून बघाया लावलं."

"मग?"

"दोन कमी निघाले. बाकी बरोबर. त्या दोनांसाठी अर्धा तास स्वतःला शिव्या देत बसले, मग परत खोलून कसले. जेवले दुपारी तीनला." तो थोडा हसला. "त्यांनी तुमाला सांग म्हणून सांगितलं नाय. मीच सांगतोय."

"मी येऊ का?" मी विचारलं.

"नका येऊ," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "येवढ्यात तरी नका येऊ, काका."

मी बरं म्हणालो. मागं गॅरेजात कुणीतरी इंजिन चालू केलं होतं, त्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं की नाही कळलं नाही. मग त्यानं फोन ठेवला.